तलवारबाजीसाठी जांघेचं गार्ड: क्रिकेटचं, तायक्वांदोचं की कपवाली शॉर्ट्स?

पुण्यात डेक्कनच्या किंवा कॅम्पातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात ‘तलवारबाजीसाठी गार्ड दाखवा’ म्हटलं, की समोर बहुधा क्रिकेटचं एल गार्ड येतं. ते वापरता येतं, पण ते फलंदाजाच्या उभं राहण्याच्या ढबीसाठी घडवलेलं असतं. तलवारबाज तासन्‌तास गुडघे वाकवून ऑन गार्डमध्ये, म्हणजे लढायला तयार पवित्र्यात, राहतो आणि मधूनमधून लंज मारतो: मागचा पाय ताणलेला, पुढचा गुडघा वाकलेला, दोन्ही मांड्या पार फाकलेल्या. अशा वेळी गार्डची खालची कड मांडीच्या आतल्या बाजूला रुतते, नाहीतर गार्ड हळूहळू एका अंगाला सरकतं. म्हणून घेताना प्लास्टिक किती जाड आहे याच्या मागे लागू नका. साधारण बरं गार्ड असेल तर तलवारीचं टोक त्यातून आत जात नाही. गार्ड फसतं ते जागा सोडल्यामुळे. सरकलेल्या गार्डची कड नेमकी वृषणावर टेकलेली असते आणि वरून बसलेला सगळा मार त्या कडेवाटे आत जातो. खालची सगळी तुलना ‘लंजमध्ये जागेवर कोण राहतं’ या एका कसोटीवर केली आहे.

आधी ब्रीचेस, मग गार्ड

गार्ड बोथट मार झेलतं. ते फक्त जननेंद्रियांपुरतं असतं. जांघेचा सांधा, जिथून पायाकडे जाणारी मोठी धमनी वरच्यावर जाते, तो गार्डच्या बाहेरच राहतो. त्या जागेचं रक्षण ब्रीचेसचं, म्हणजे तलवारबाजीच्या गुडघ्यापर्यंतच्या पँटचं, कापड आणि त्यावर आलेलं जॅकेट करतं. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत तलवारबाज व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांचा मृत्यू प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटून मास्कमधून आत गेल्याने झाला. त्यानंतर पात्यांचं पोलाद, मास्क आणि कपडे यांचे निकष कडक झाले. तुटलेल्या पात्याचं टोक अणकुचीदार असतं आणि सरावाची ट्रॅकपँट त्यापुढे कागदासारखी.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जॅकेट, त्याच्या आत घालायचं अर्ध्या अंगाचं प्लास्ट्रॉन आणि ब्रीचेस ही तिन्ही ८०० न्यूटनची लागतात (न्यूटन म्हणजे कापड भोसकलं जाण्याला किती टिकतं त्याचं माप). सुरुवातीच्या सरावाला ३५० न्यूटनचे कपडे बहुतेक जण वापरतात. ऑन गार्डमध्ये असताना जॅकेट ब्रीचेसवर किमान १० सेंटिमीटर आलं पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलांचं इथेच चुकतं. गेल्या वर्षीचं जॅकेट खांद्यात बसतं म्हणून चालवलं जातं, पण खालून ते आखूड झालेलं असतं आणि हात वर गेला की कमरेशी फट पडते. पैसे मोजकेच असतील तर ते नवं जॅकेट आणि खऱ्या ब्रीचेसवर घाला. गार्ड दोनतीनशे रुपयांतही मिळतं.

कुठल्या हत्याराला किती गरज

तलवारबाजीत इपी, फॉइल आणि सेबर अशी तीन हत्यारं. इपीमध्ये सगळं शरीर लक्ष्य आहे. हत्यार ७७० ग्रॅमपर्यंत जड असू शकतं, पातं कडक असतं आणि प्रहाराची नोंद व्हायला टोक दाबायलाच ७५० ग्रॅमचा जोर लागतो. प्रहार मुख्यतः हातावर, पण मांडी आणि पाऊलही खुलं. गंमत अशी की जांघेत बसणारा प्रहार बरेचदा बचाव करणाऱ्यानेच तिथे आणलेला असतो. पोटाकडे आलेलं पातं खालच्या पॅरीने (पात्याने पातं अडवण्याच्या बचावाने), म्हणजे ऑक्टेव्ह किंवा सेकंदने, उशिरा उचललं की ते बाहेर फेकलं जाण्याऐवजी खाली घसरतं आणि थेट जांघेत येतं. ज्यांची पॅरी अजून उशिरा होते अशा नवशिक्यांना म्हणूनच गार्डची गरज जास्त.

फॉइलचं लक्ष्य धड, आणि समोरून त्याची खालची हद्द जांघेच्या घडीपर्यंत. म्हणजे तिथे मारणं नियमात बसतं आणि प्रहार नोंदवणारं धातूच्या धाग्यांचं लामे जॅकेटही तिथवर येतं. पातं जास्त लवतं, टोकाला ५०० ग्रॅमचा जोर पुरतो, त्यामुळे एकेक मार इपीपेक्षा हलका. पण जवळून झुंज लागली की मनगट वाकवून दिलेले प्रहार खाली बसतात. सेबरमध्ये कमरेच्या वरचाच भाग मोजला जातो. कुशीवरचा घाव चुकून मांडीवर उतरतो, कातडी लाल होते, पण सरळ टोक क्वचितच तिथे लागतं. सेबरवाल्याला हलकं गार्ड पुरे, इपीवाल्याने मात्र टाळाटाळ करू नये.

नियमांत स्त्रियांना छातीचं कडक कवच सक्तीचं आहे, पुरुषांना ऐच्छिक. जांघेच्या गार्डची सक्ती नाही, त्यामुळे हत्यारं तपासताना कुणी ते विचारत नाही आणि मग घालायचंही राहून जातं.

एकेक पर्याय

क्रिकेटचं एल गार्ड सगळ्यात स्वस्त आणि पुण्यात कुठल्याही पेठेत मिळणारं. लहान मुलं, किशोर आणि मोठे असे आकार असतात. त्याचे दोन दोष आहेत. बाजूचे पंख रुंद असतात, ते लंजमध्ये मांडीला घासतात. दुसरं, बरेच जण ते नुसतं अंडरवेअरमध्ये खुपसतात. फलंदाजाचं त्यात कसंबसं भागतं, तलवारबाजाचं पाच मिनिटांतही भागत नाही. गार्डला वरून कमरपट्टा आणि खालून मागे जाणारे दोन पट्टे असलेला सपोर्टर हवा. ते खालचे पट्टेच गार्डला मागे खेचून अंगाशी ठेवतात. घ्यायचंच असेल तर अरुंद, फुगीर आणि कडेला मऊ फोम किंवा रबराची जाड गादी असलेलं निवडा. चपटं आणि कडक कडेचं नको. चपट्या गार्डमध्ये आत पोकळी कमी राहते आणि मार बसला की प्लास्टिक लवून आतल्या अवयवाला टेकतं.

तायक्वांदो-कराटेचं गार्ड फाकलेल्या पायांसाठीच बनलेलं असतं, त्यामुळे जागेवर राहण्यात ते क्रिकेटच्या गार्डपेक्षा सरस. कप फोमच्या आवरणात असतो, कमरेला रुंद इलॅस्टिक, मांड्यांमागून पट्टे. वरचा त्रिकोण ओटीपोटाच्या खालपर्यंत येतो, म्हणजे जघनास्थीवरचा मारही झेलला जातो. अडचण जाडीची. ब्रीचेस आधीच अंगाबरोबर असतात. त्यात हे गार्ड घातलं की चेन ताणली जाते आणि ऑन गार्डमध्ये वाकल्यावर वरची कड पोटात टोचते. एप्रिल-मेमध्ये बंदिस्त हॉलमध्ये ते नकोसं होतं. आणखी एक: त्याचं वेल्क्रो उघडं राहून बॅगेत लामेला चिकटलं, की लामेची धातूची जाळी उसवते. गार्ड वेगळ्या पिशवीत ठेवा.

कपवाली कॉम्प्रेशन शॉर्ट्स आमच्या मते फॉइल आणि इपीसाठी पहिली पसंती. पुढे दुहेरी कापडाचा खिसा, त्यात थेंबाच्या आकाराचा अरुंद कप, कडेला मऊ गादी. शॉर्ट्स मांडीपर्यंत घट्ट असल्याने कप फिरत नाही, शिवाय मांडीची कातडी घासून सोलत नाही. किंमत क्रिकेटचं गार्ड आणि सपोर्टर या जोडीच्या पाचसहा पट जाऊ शकते आणि बरेचदा ऑनलाइन मागवावी लागते. आकार कमरेच्या मापानेच घ्या. दोन आकारांच्या मध्ये अडलात तर लहान घ्या, कारण सैल शॉर्ट्समधला कप म्हणजे खिशात ठेवलेली डबी. कप सुटा मिळत असेल तर एका कपावर दोन शॉर्ट्स हा सोयीचा हिशेब.

कप नसलेली, नुसत्या फोमची पॅडेड शॉर्ट्स सेबरच्या सपकाऱ्याला चालतात. टोकाच्या प्रहाराला नाही: इपीचं टोक जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असतं, सगळा जोर तेवढ्या ठिपक्यावर येतो आणि फोम तिथल्या तिथे चेपला जातो. कडक कप हा जोर कडेच्या गादीवर पसरवतो, त्याचं काम तेच.

थाई बॉक्सिंगचा स्टीलचा कप दोऱ्यांनी आवळून बांधतात, तो हलत नाही हे खरं, पण दोऱ्या काचतात आणि इतकी ताकद इथे लागतच नाही. बॉक्सिंगचं मोठं चामड्याचं गार्ड ब्रीचेसमध्ये मावत नाही.

दुकानातून आणल्यावर

बिल जपून ठेवा आणि परत करण्याची मुदत विचारून घ्या, कारण खरी परीक्षा पूर्ण पोशाखातच होते. आधी सपोर्टर किंवा शॉर्ट्स, मग कप, ब्रीचेस, प्लास्ट्रॉन, जॅकेट. कपाची वरची कड जघनास्थीवर टेकली पाहिजे आणि सगळं आत आलं पाहिजे. आता जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा लावा. गार्ड नसताना बसवलेला पट्टा गार्ड घातल्यावर आखूड पडतो आणि कपाला मागे, वर ओढतो. बसल्यावर दुखतं ते त्यामुळेच. दोन बोटं आत जातील इतका तो सैल करा. फॉइलवाल्यांनी लामेचा पट्टाही तसाच तपासावा.

मग दोन मिनिटं ऑन गार्ड, दहा संथ लंज, पाच जोरातले, एखादं फ्लेश (धावत झेपावून केलेला हल्ला), आणि शेवटी खुर्चीवर बसून उठणं. कपडे काढून कातडीवरच्या खुणा बघा. जघनास्थीवर हलकी लाल रेघ असेल तर ठीक. मांडीच्या आतल्या घडीत रेघ असेल तर कप रुंद आहे, एक आकार खाली या किंवा दुसरी घडण बघा. एकाच बाजूला खूण असेल तर कप फिरतोय. कप बदलण्याआधी सपोर्टर बदला.

फॉइलमध्ये एक शंका नेहमी विचारली जाते: कडक कपावरून टोक घसरून प्रहार नोंदवणारा दिवा लागत नाही, हे चालतं का? छातीच्या कवचाबाबत हाच प्रश्न आल्यामुळे फॉइलमध्ये त्यावर बाहेरून ४ मिलिमीटरचा मऊ थर सक्तीचा केला गेला. तो नियम छातीपुरता आहे. तरी बाहेरून फोम असलेला किंवा शॉर्ट्सच्या जाड खिशातला कप घेतलात, तर प्रतिस्पर्ध्यावरही अन्याय होत नाही.

मुलं आणि मुली

लहान मुलाला ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं गार्ड घेऊ नका. शूज एक आकार मोठे चालतील, गार्ड नाही. मोठ्या कपात सगळं सैल हलतं आणि कड मांडीवर येते. आखूड पात्यावरून ५ नंबरच्या, म्हणजे मोठ्यांच्या पूर्ण लांबीच्या, पात्यावर मूल गेलं की मारही वाढतो, गार्डचा आकार तेव्हा पुन्हा तपासा. आणि मुलाला हे घरी, एकांतात घालायला शिकवा. क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत पहिल्यांदा घालायची वेळ आली की लाजेपायी ते बॅगेतच राहतं.

मुलींना पुरुषांचा कप देऊ नये. त्याची कड जघनास्थीवर आणि खालच्या नाजूक भागावर टेकते, त्यामुळे मार उलट तिथेच एकवटतो. तायक्वांदोमध्ये मुलींसाठी वेगळं, चपटं गार्ड येतं, ते जघनास्थी झाकतं. सेबरच्या मुलींना त्याची गरज सहसा पडत नाही. इपी खेळणारीला ओटीपोटाखाली वारंवार निळे डाग पडत असतील तर जरूर घ्यावं. छातीचं कवच सक्तीचं असल्याने आधी खर्च त्यावर.

पावसाळा, घाम आणि तडे

जून ते सप्टेंबर पुण्यात फोम वाळत नाही. ओला सपोर्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला की जांघेत बुरशीचा नायटा ठरलेला. मग गार्डच नको वाटू लागतं. सपोर्टर किंवा शॉर्ट्स दोन ठेवा, रोज धुवा. कप कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुऊन पंख्याखाली वाळवा, गीझरवर किंवा गाडीच्या काचेमागे नको. उष्णतेने कडेची गादी सुटते. महिन्यातून एकदा कप दोन्ही अंगठ्यांनी जरा वाकवून बघा. प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटली असेल तर तो पुढच्या जोरदार माराला तिथेच तुटेल. चिकटपट्टी लावून चालवू नका, बदला.

गार्ड असूनही मार बसला तर

खेळ थांबवा, खाली बसा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. साधा मार असेल तर कळ काही मिनिटांत उतरू लागते. तासाभरानंतरही दुखत असेल, सूज किंवा काळानिळा रंग येत असेल, उलट्या होत असतील, लघवीत रक्त दिसलं किंवा एक वृषण वर ओढल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता, जिथे सोनोग्राफी आणि युरॉलॉजिस्ट रात्रीही उपलब्ध आहेत अशा रुग्णालयात जा. वृषणाला पीळ पडला असेल तर पहिले सहा तास निर्णायक असतात. मुलगा लाजून गप्प बसतोय आणि पाय फाकवून चालतोय, असं दिसलं तर प्रशिक्षकाने किंवा पालकांनी स्वतःहून विचारावं.