मेलच्या पत्त्यात एक अधिकचं चिन्ह: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत आईच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याची मेल सेलच्या जाहिरातींखाली गाडली गेली आणि तारीख उलटून गेली. ग्रेस पिरियड होता म्हणून पॉलिसी वाचली. त्या धसक्याने त्याच आठवड्यात मी हे सुरू केलं.

जीमेलच्या पत्त्यात आपलं नाव संपलं की, ॲट द रेटच्या आधी, अधिकचं चिन्ह आणि पुढे हवा तो शब्द टाकायचा. नवं खातं नको, नोंदणी नको. मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येते. विम्याला 'विमा', बिलांना 'बिल', आणि दुकानांना मात्र प्रत्येकी वेगळा शब्द, अर्थात इंग्रजी अक्षरांत. मग 'टू'च्या रकान्यात तो पत्ता घालून फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं याचा नियम, लावायचा. विम्याच्या मेलला स्टार, दुकानांच्या मेल इनबॉक्सला वळसा घालून थेट लेबलखाली. हे काम लॅपटॉपवर करा, फोनच्या ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही.

डिसेंबरात पर्सनल लोनची एक मेल आली. पत्ता बघितला तर चष्म्याच्या दुकानात दिलेला. तो शब्द मी दुसऱ्या कुणालाच दिला नव्हता! खूप संताप आला. त्या पत्त्यावरचं सगळं आता परस्पर डिलीट होतं.

पण याने पत्ता लपतो असं समजू नका. अधिकपासून पुढचं खोडलं की खरा पत्ता समोरच्याच्या हातात. लपवायचाच असेल तर वेगळाच पत्ता बनवून त्यावरची मेल आपल्याकडे पाठवणाऱ्या सेवा, म्हणजे फायरफॉक्स रिले किंवा ॲपलचं 'हाइड माय ईमेल' बघा.

त्रासही झाला. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेतच नाहीत, 'ईमेल अवैध' म्हणतात. एका ठिकाणी अनसबस्क्राइबच्या लिंकमध्ये अधिकच्या जागी स्पेस पडली आणि असा पत्ताच नाही म्हणून उत्तर आलं. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका कस्टमर केअरने. मी उत्तर पाठवलं ते मूळ पत्त्यावरून गेलं आणि तीन वेळा 'हा ईमेल आमच्याकडे रजिस्टर नाही' एवढंच ऐकायला मिळालं. जीमेलच्या सेटिंग्जमधल्या 'सेंड मेल ॲज'मध्ये तो अधिकवाला पत्ता जोडल्यावर सुटलं. कुठे कोणता शब्द दिला ते वहीत लिहून ठेवा. लॉगिन करताना आठवत नाही. बँकेला मी अजून साधाच पत्ता ठेवलाय.

परवा विम्याची यंदाची मेल आली. स्टार लागून सगळ्यात वर होती. आईला फोन करून सांगितलं आणि लगेच हप्ता भरला.