डाइस की बेर्से? स्विस अर्थतज्ज्ञ-राजकारणी अभ्यासायचा तर कोणता

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाच्या हाती स्विस सत्तेत नेमकं काय उरतं, हे एकाच कारकिर्दीतून पाहायचं तर स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुरची दोन नावं पुढे येतात: जोझेफ डाइस आणि आलँ बेर्से. दोघांची डॉक्टरेट अर्थशास्त्रातली आणि दोघेही सात जणांच्या संघीय मंडळात, म्हणजे स्विस मंत्रिमंडळात, बसलेले.

सोय बघितली तर बेर्से. 2012 ते 2023 एकच खातं, त्यात आरोग्य आणि निवृत्तिवेतन. सप्टेंबर 2017 मध्ये त्यांचं निवृत्तिवेतनाचं मोठं पॅकेज सार्वमतात आपटलं. त्यातली मूल्यवर्धित कराची वाढ तर 50.05 टक्के विरोधाने गेली. पाच वर्षांनी छोटं पॅकेज आलं आणि स्त्रियांचं निवृत्तीचं वय 64 वरून 65 करायला 50.55 टक्के लोकांनी होकार दिला. आधी काय कापलं आणि काय ठेवलं, हे ताडून पाहायला याहून बरी जोडी मिळणं कठीण.

पण माझं घोडं अडतं ते इथेच. मंडळाचा निर्णय सामूहिक, आणि आतलं मतदान बाहेर येत नाही. 2022 च्या त्या वयवाढीला बेर्सेंचा स्वतःचा समाजवादी पक्ष विरोध करत होता, आणि मंत्री म्हणून ती लोकांपुढे मांडायची होती बेर्सेंनाच. आता यातलं अर्थतज्ज्ञाचं किती, मंडळाचं किती, संसदेतल्या तडजोडीचं किती? प्रबंध लिहिणारा यातच अडकतो, आणि शेवटी खात्याचा इतिहास लिहून मोकळा होतो.

डाइस यांच्याकडे ही अडचण नाही असं नाही. 1999 नंतर तेही त्याच मंडळात होते. परंतु त्याआधी, 1993 ते 1996, ते किंमत निरीक्षक होते, आणि हे पद एका माणसाचं. चौकट 1985 च्या कायद्याची. खरी स्पर्धा असेल तिथे या पदाला हात घालता येत नाही. मक्तेदार कंपनीशी आधी समझोता, तो फिसकटला तर भाव उतरवण्याचा आदेश. भाव सरकारी यंत्रणेने ठरवलेला असेल तर मात्र फक्त शिफारस. ती डावलायची तर त्या यंत्रणेला कारण द्यावं लागतं. भाव अवाजवी आहे का हे ठरवताना तुलनेच्या बाजारपेठा, रास्त नफा आणि खर्चातली वाढ बघायची. म्हणजे फ्रीबुर विद्यापीठातला प्राध्यापक जे शिकवत होता, तेच इथे हुकमाच्या भाषेत.

डाइस यांची परराष्ट्र खात्याची वर्षं झरझर वाचली तरी चालतील. अपवाद 3 मार्च 2002 च्या सार्वमताचा: संयुक्त राष्ट्रांत जायला 54.6 टक्के लोकांचा होकार, पण कॅन्टनांचंही (घटकराज्यांचंही) बहुमत लागत होतं, आणि तो हिशेब 12 विरुद्ध 11. एक पूर्ण कॅन्टन फिरला असता तर सगळंच बारगळलं असतं.

विषय आरोग्यधोरण किंवा कोविडचा असेल तर अर्थात बेर्सेच घ्या, तिथे डाइस उपयोगाचे नाहीत. एरवी माझा कल डाइसकडे. कागदपत्रांचा हिशेबही त्याच बाजूचा: संघीय दफ्तरांवर साधारण 30 वर्षांची मुदत असते. 1993-96 ची वर्षं त्या मुदतीबाहेर येऊ लागली आहेत. बेर्सेंच्या पहिल्या वर्षासाठी 2040 चं दशक उजाडावं लागेल.