पंखा फिरतच नव्हता: हीट पंप म्हणून माझ्या गळ्यात मारलेला साधा हीटर

सहा आणि सहा बारा. या बेरजेपायी माझा सात महिन्यांचा पगार गेला. चार महिने उलटले तरी राग शमत नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे. घरी हीट पंप बसवायचं मनात असेल त्याने हे वाचावं. आणि "शिकल्यासवरल्या बाईला एवढंही कळू नये?" असं म्हणण्याआधी शेवटपर्यंत वाचावं. मी हिशेब तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढून देते. तरीही फसले.

हीट पंप ही थाप नाही, हे आधीच सांगते. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलायची आणि घरातल्या पाण्यात आणून सोडायची, एवढंच त्याचं काम. फ्रिज करतो तेच. अशा यंत्राने घर तापवता येईल हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते, त्यांनी १८५२ सालीच मांडलं होतं. वीज इथे उष्णता तयार करत नाही, वाहून आणते, म्हणून एका युनिटात तीन-चार युनिटांची उष्णता मिळते. या पटीला सीओपी म्हणतात. हे सगळं वाचूनच मी निर्णय घेतला होता. थोडंफार वाचलेलं गिऱ्हाईक अशा लोकांना जास्त सोयीचं पडतं. शब्द त्याच्या ओळखीचे असतात, त्यामुळे तो मान डोलावतो.

आमच्याकडे खोल्या आणि अंघोळीचं पाणी दोन्ही विजेच्या हीटरवर होतं. थंडीत महिन्याला साधारण १,९०० युनिटं जायची. हीट पंप विकणारा तो माणूस आला, पहिल्याच वाक्यात ताई म्हणाला, खोल्या किती आणि माणसं किती एवढं विचारलं आणि वहीत '१२ किलोवॅट' लिहून मोकळा झाला. टेप बाहेर काढली नाही. खिडक्या मोजल्या नाहीत. छतावर चढून बघितलं नाही. घरातून किती उष्णता बाहेर जाते याचा खोलीवार हिशेब करावा लागतो: भिंती कशाच्या, काच एकेरी की दुहेरी, छताला इन्सुलेशन आहे का, सर्वांत थंड दिवशी बाहेर किती अंश असतात. युरोपात त्यासाठी ईएन १२८३१ हे मानक आहे, अमेरिकेत मॅन्युअल जे. जो माणूस खोल्या मोजून किलोवॅट सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा. गरजेपेक्षा मोठा पंप घेतला तरी नुकसानच, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो आणि लवकर झिजतो.

त्याच्या पत्रकात छापलं होतं: 'सीओपी ७, ५५ अंश पाण्याला, बाहेर ७ अंश असताना'. त्यावर तो म्हणाला, "ताई, छापील आकड्यावर जाऊ नका. मी प्रामाणिक माणूस आहे, आपण ४ च धरू. म्हणजे तुमची १,९०० युनिटं ४७५ वर येतात." त्या एका वाक्याने मला जिंकलं. स्वतःच्याच पत्रकातला आकडा कमी करून सांगणारा विक्रेता खोटा कसा असेल, असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

नंतर कागदावर मांडलं तेव्हा कपाळावर हात मारला. आदर्श यंत्राचा सीओपी म्हणजे पाण्याचं केल्विनमधलं तापमान भागिले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतला फरक. ५५ अंश म्हणजे ३२८ केल्विन, ७ अंश म्हणजे २८०. फरक ४८. ३२८ भागिले ४८ म्हणजे ६.८३. या दोन तापमानांमध्ये आदर्श यंत्र, जे जगात कुणी बनवूच शकत नाही, तेसुद्धा ६.८३ च्या वर जात नाही. शाळेतल्या भौतिकशास्त्राचा भागाकार आहे हा. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी ते केलं नाही. सीओपी कुणी सांगितला की बाहेरचं तापमान किती आणि पाणी किती अंशांचं, हे दोन्ही विचारा. ३५ अंशांच्या पाण्याला जो आकडा मिळतो तो ५५ ला मिळत नाही, आणि बाहेर कडाका पडला की आणखी उतरतो. संपूर्ण हंगामाचा आकडा, एससीओपी, तो मागा.

पैसे असे दिले: करार करताना ५० टक्के, माल आल्यावर ४० टक्के, यंत्र सुरू झाल्यावर १० टक्के. शिवाय अनुदानाची फाइल करायची म्हणून वेगळे ८ टक्के. म्हणजे ठरलेल्या रकमेवर १०८ टक्के. अनुदान आलं नाही. हे मॉडेल पात्र यंत्रांच्या यादीतच नाही, हे मला तीन महिन्यांनी कळलं. यादी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विक्रेत्याच्या मोबाइलवरची नाही.

आता तो दिवस. हे लिहिताना हात थरथरतो.

यंत्र सुरू करून दाखवायला दोन पोरं आली होती, सोबत तो स्वतः. आतल्या पॅनेलवर आकडा चढायला लागला, ३१, ३८, ४४. पाइपाला हात लावला तर चटका बसला. सासूबाईंनीही हात लावून बघितला आणि हसल्या. मग तो मला बाहेरच्या युनिटपाशी घेऊन गेला. "ऐका ताई. काही ऐकू येतंय? एवढा शांत पंप दुसऱ्या कुणाकडे नाही." मी कान देऊन ऐकलं. खरंच काही आवाज नव्हता. जाळीच्या आत पंखा स्थिर उभा होता, त्याच्या एका पात्यावर वाळलेलं पान अडकलेलं. ते पान मला आजही दिसतं. ते हललं नाही.

हवेतून उष्णता घेणाऱ्या यंत्राचा पंखाच फिरत नसेल तर उष्णता येतेय कुठून? हा प्रश्न मला तिथे उभं असताना पडायला हवा होता. नाही पडला. मी म्हणाले, "खरंच की." आत आले आणि उरलेले १० टक्के देऊन टाकले.

पहिल्या महिन्याचं मीटर: १,९१२ युनिटं. फोन केला. "पहिला महिना यंत्र घर शिकत असतं, ताई." दुसरा महिना: १,८८४. "यंदा थंडी जास्त आहे." दोन्ही आकडे जुन्या हीटरइतकेच आहेत हे माझ्यासमोर लिहिलेलं होतं, आणि मी थंडी संपायची वाट बघत बसले. तिसऱ्या महिन्यात त्याने फोन उचलणं बंद केलं.

शेवटी ओळखीतून एक तंत्रज्ञ मिळाला. त्याने वायरमधला विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: बाहेरच्या युनिटच्या वायरवर जवळजवळ शून्य, आतल्या बॅकअप हीटरच्या वायरवर २६ अँपिअर. पॅनेलच्या आतल्या मेनूत 'इमर्जन्सी मोड' चालू करून ठेवला होता. कॉम्प्रेसर बंद पडला तर घर गारठू नये म्हणून दिलेली सोय आहे ती, त्यात फक्त हीटर चालतो. माझं घर पहिल्या दिवसापासून त्यावरच होतं. बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याची नळी नटाने जोडली होती तिथे त्याने पांढरं फडकं फिरवलं आणि मला दाखवलं. फडक्यावर तेलाचा डाग. तेल दिसलं म्हणजे गॅस तिथून गळतोय. आर-३२, म्हणजे पंपात फिरून उष्णता वाहणारा तो गॅस, जवळजवळ सगळा गेला होता. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो. पर्यावरणाचा विचार करून हे यंत्र घेणारी मी, आणि माझ्याच घरामागून तो हवेत सोडत होते.

मग त्याने युनिटच्या बाजूचं '१२ किलोवॅट' लिहिलेलं चकचकीत स्टिकर नखाने उचललं. खाली कंपनीची मूळ पट्टी होती: ६ किलोवॅट. आतला हीटरही ६ किलोवॅटचा. दोन्हींची बेरीज करून मला बारा विकला होता.

यापुढे जे झालं त्याचा संताप त्या माणसापेक्षा जास्त आहे. पोलीस चौकीत सांगितलं, हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार? अनुदान कार्यालयाने सांगितलं, तुमच्या नावाने अर्जच आलेला नाही, त्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही. अर्ज त्याने केला नाही हीच तर तक्रार आहे! हे मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीनदा समजावलं. उत्पादक कंपनीने अनुक्रमांक घेतला आणि कळवलं की हे युनिट दुसऱ्या बाजारपेठेसाठी विकलेलं आहे, वॉरंटी लागू नाही. ग्राहक तक्रार कार्यालयात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर. दुसऱ्यांदा बिलावर मॉडेल क्रमांक नाही म्हणून परत. बिलावर लिहिलंय 'हीट पंप सिस्टीम १२ किलोवॅट, १ नग', एवढंच. तिसऱ्यांदा तंत्रज्ञाचा अहवाल चालणार नाही, मान्यताप्राप्त हवा, पण मान्यता कोण देतं ते त्यांनाच सांगता येईना. चौथ्यांदा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मॅडम, घर गरम होतंय ना? मग फसवणूक कुठे झाली?"

अकरा आठवडे मी रजा काढून या खुर्च्यांसमोर बसते आहे. तिकडे तो माणूस दुसऱ्या नावाने पत्रकं वाटतोय, तसलंच एक पत्रक माझ्या दारातही पडलं. त्याला थांबवायचं काम ज्यांचं आहे ते माझ्याकडे आणखी एक झेरॉक्स मागत आहेत.

म्हणून सांगते, बिलावर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही युनिटचा मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय दमडी देऊ नका. पंप किती किलोवॅटचा आणि बॅकअप हीटर किती किलोवॅटचा हे वेगवेगळं लिहून घ्या. पैसे देण्याआधी अनुक्रमांक कंपनीला स्वतः कळवून खात्री करा. सुरू करून दाखवताना बॅकअप हीटरचा एमसीबी खाली पाडायला लावा, मग पाणी तापतंय का बघा. पंखा फिरायला हवा आणि समोरून येणारी हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गार लागायला हवी. शेवटचा हप्ता निदान एक थंडीचा महिना अडकवून ठेवा, आणि विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच उठा. पंपाच्या वायरवर वेगळं मीटर बसवायला लावा. 'समाधानी ग्राहका'चा फोन नंबर देतात त्यावर बोलून समाधान मानू नका, त्याच्या घरी जाऊन यंत्र बघा. मी ज्याच्याशी बोलले तो त्याचा मेहुणा निघाला.

तंत्रज्ञाने जोड नव्याने केला, गॅस भरला, त्याचा खर्च वेगळा. मोड बदलला आणि बाहेरचं युनिट पहिल्यांदा घुमायला लागलं. त्याला आवाज आहे. बंद खिडकीतूनही ऐकू येतो. कडाक्याच्या दिवसांत ६ किलोवॅट पुरत नाहीत, हीटर मधूनमधून लागतोच. मोठं युनिट घ्यायला आता पैसे नाहीत.

तक्रारीची पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे. स्टिकर, तेलाचा डाग पडलेलं फडकं आणि मीटरचे फोटो एका पाकिटात घालून ठेवले आहेत. त्याच माणसाचं '१२ किलोवॅट' लिहिलेलं बिल तुमच्याकडे असेल, तर आज रात्री बाहेर जाऊन ते स्टिकर उचकटून बघा.