ॲडजस्टेबल सस्पेन्शनच्या नावाखाली माझेच जुने पार्ट मला विकले

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे पर्यटकांची भाडी मारणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे. सात माणसं, टपावर बॅगा, परतीला डिकीत आंब्याच्या पेट्या आणि काजू, की गाडी मागून बसते. स्पीडब्रेकरवर खालून घासते, खड्ड्यात मागचा दणका थेट शेवटच्या सीटवरच्या माणसाच्या कमरेत जातो. हे दुखणं हेरून 'ॲडजस्टेबल रिअर किट' विकणारे लोक आता फोनवरच्या व्हिडिओतून घरापर्यंत पोचले आहेत. त्यांतल्या एकानं मला जे केलं ते सविस्तर लिहितोय, कारण यात गेलेल्या पैशापेक्षा मोठा धोका गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाला होता.

तारकर्लीत आमचं घरगुती निवास आहे. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणायचे, किल्ल्याच्या होडीसाठी मालवण जेटीवर सोडायचे, कुणकेश्वर-विजयदुर्ग फिरवायचं, हे सगळं मीच माझ्या इनोव्हावर करतो. इनोव्हाच्या मागे अख्खा एक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आडवा दांडा, त्यावर दोन कॉइल स्प्रिंगा, दोन शॉकअप वेगळे, आणि एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा लॅटरल रॉड. त्यालाच पॅनहार्ड रॉडही म्हणतात. त्याचं एक टोक बॉडीला आणि दुसरं एक्सलला असतं. हा रॉड नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येतं.

घाटावरच्या एका मोठ्या शहरात हे दुकान आहे. व्हिडिओत एक पोरगा शॉकअपच्या खालचा निळा नॉब टिकटिक फिरवतो आणि सांगतो, रिकाम्या गाडीला नरम, भरलेल्या गाडीला कडक. किटमध्ये नॉबवाले दोन शॉकअप, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या बैठकीसकट दोन हेवी स्प्रिंगा आणि लांबी बदलता येणारा लॅटरल रॉड. सगळं इम्पोर्टेड, दोन वर्षांची गॅरंटी, शिवाय 'आरटीओ अप्रूव्हड'. भाव 46,000, त्यात फिटिंग आलं. 20,000 आधी मागितले, तेही दुकानाच्या नाही, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर.

मालकानं काउंटरवर मला समजावलं की शॉकअप कडक केला की गाडी मागून बसणारच नाही. हे साफ खोटं आहे, आणि हेच वाक्य बऱ्याच दुकानांत ऐकायला मिळतं. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं हेलकावणं थांबवायचं. आतलं तेल बारीक भोकांतून इकडून तिकडे ढकललं जातं आणि त्या अडथळ्यानं गाडी लवकर स्थिर होते. खऱ्या ॲडजस्टेबल शॉकअपमध्ये नॉब फिरवला की तेलाची ती वाट अरुंद किंवा रुंद होते. उभ्या गाडीत सात माणसं बसल्यावर ती किती खाली जाणार हे त्या नॉबनं बदलत नाही. नॉब दाखवून 'बसणार नाही' असं कुणी म्हणत असेल, तर त्याला काम कळत नाही किंवा तो तुम्हाला बनवतोय.

फिटिंगच्या वेळी गाडी आत घेतली आणि शटर अर्धं खाली ओढलं. इन्शुरन्सच्या नियमामुळे गिऱ्हाइकाला आत घेत नाही म्हणाले. दुपारनंतर गाडी बाहेर आली ती मागून चांगली दोन इंच उंच. खाली वाकून बघितलं तर लालभडक स्प्रिंगा, निळे शॉकअप, काळा चकचकीत रॉड. जुने पार्ट मागितले तर भंगारवाला आत्ताच घेऊन गेला म्हणे. बिल म्हणून दुकानाचा शिक्का मारलेला एस्टिमेटचा कागद दिला. त्यावर जीएसटी नंबर होता, पण ना पार्ट नंबर, ना एचएसएन कोड (करासाठी मालाला दिलेला ठरलेला क्रमांक), ना कराची रक्कम वेगळी.

फोंडा घाट उतरतानाच गाडी वेगळी वाटायला लागली. प्रत्येक वळणावर मागचा भाग आधी एका बाजूला झोल खायचा आणि मग सावरायचा. खड्ड्यातून चाक खाली गेलं की मागून 'ठक्' असा कोरडा आवाज. पाहुणे घेऊन निघाल्यावर तर ती चक्क मागून फेकायला लागली, आणि एका बाजूचा टायर आतून घासल्याचा वास येऊ लागला. दुकानात फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं की किट सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात. पुढच्या फोनला, नॉब आणखी चार क्लिक कडक करा. त्यानंतर, तुमचे कोकणातले रस्तेच खराब, त्यात तुम्ही ओव्हरलोड करता. आणि शेवटी, खारं वारं लागलेलं दिसतंय, ते गॅरंटीत बसत नाही. असं प्रत्येक वेळी नवं कारण पुढे यायला लागलं की समजावं, समोरच्याला खरं कारण आधीपासून माहीत आहे.

कुडाळ एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक जुने मेस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी गवंड्याचा ओळंबा मागवला. सपाट कोब्यावर गाडी उभी करून मागच्या चाकावरच्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि दोरी ते रिम हे अंतर पट्टीनं मोजलं. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोन बाजूंत 16 मिलिमीटरचा फरक, म्हणजे अख्खा एक्सल 8 मिलिमीटर एका अंगाला सरकलेला. उंची वाढवली की लॅटरल रॉड जास्त तिरका होतो आणि त्याचं बॉडीकडचं टोक ज्या बाजूला असेल त्या बाजूला एक्सल थोडा ओढला जातो. म्हणूनच तर लांबी बदलणारा रॉड लागतो. एक्सल पुन्हा मधोमध आणायला.

मेस्त्रींनी रॉडचा चेकनट, म्हणजे लांबी पक्की धरून ठेवणारा नट, सैल करायला पाना लावला. नट हलेना. तारेच्या ब्रशनं रंग खरवडला तर नटाच्या कडेनं वेल्डिंगचा टाका दिसला, आणि त्या टाक्याभोवती गंजाची तांबडी रेघ. रॉड काढून टेबलावर घेतला. कंपनीचाच रॉड मधोमध कापून, दोन्ही तुकड्यांत आटे पाडून, मध्ये एक स्टड (आट्यांची सळी) घालून वर टाके मारले होते. मेस्त्री म्हणाले, "दोन्ही बाजूक सरळच आटे. ह्यो फिरतलो कसो?" खऱ्या रॉडला दोन प्रकारची रचना असते. एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे, म्हणजे गाडीवर असतानाच मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकदम लांब किंवा जवळ होतात. नाहीतर एकाच टोकाला आटे, मग ते टोक सोडून फिरवायचं आणि परत बसवायचं. दोन्हीकडे सरळ आटे असले तर एक टोक जेवढं बाहेर येतं तेवढंच दुसरं आत जातं, लांबी तीच राहते. इथे तर तेही वेल्ड करून बंद केलेलं.

हा रॉड चालत्या गाडीत तुटला असता तर? वळणावर एक्सलला आडवा धरून ठेवणारं मुख्य हत्यार तेच आहे. ते गेलं की बॉडी एकीकडे आणि चाकं दुसरीकडे. त्या दिवसांत माझ्या गाडीत मागच्या सीटवर पाहुण्यांची लहान मुलं बसत होती. हे आठवलं की आजही माझा हात थरथरतो आणि त्या माणसाबद्दलचा राग कमी होत नाही.

मग शॉकअप काढले. निळा नॉब म्हणजे आत छर्रा आणि स्प्रिंग असलेली टोपी, शॉकअपच्या बुडाला चिकटवलेली. ती उपटल्यावर खाली सपाट पत्रा, आत जायला भोकच नाही. उजव्या शॉकअपचा रंग थिनरनं पुसला आणि मी ओळखला. आचऱ्याच्या रस्त्यावर जांभ्याचा चिरा उडून त्याला पोचा पडला होता, अंगठ्याएवढा, तोच पोचा तिथेच होता. माझाच शॉकअप, रंगवून, टोपी चिकटवून, मलाच विकलेला. लाल स्प्रिंगाही माझ्याच होत्या. रंग निघाल्यावर कंपनीनं ओळखीसाठी मारलेले रंगाचे ठिपके खालून वर आले. उंची वाढली होती ती स्प्रिंगखाली घातलेल्या नायलॉनच्या जाड पॅकिंगमुळे. पॅकिंगनं गाडी उंच दिसते, पण स्प्रिंगची ताकद तेवढीच राहते, त्यामुळे माणसं बसली की गाडी पूर्वीइतकीच दबते. वरून शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेल्या अवस्थेत राहतो आणि चाक खड्ड्यात उतरलं की त्याची लांबी संपते. तो 'ठक्' त्याचाच होता.

फोटो पाठवल्यावर दुकानाने माझा नंबर ब्लॉक केला. कागदावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला, त्याला लॉगिन लागत नाही. तो नंबर बांधकामाच्या सामानाच्या भलत्याच फर्मचा निघाला, तोही रद्द झालेला. हे पैसे देण्याआधी दोन मिनिटांत होणारं काम आहे. नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 ने, आणि पोर्टलवर फर्मचं नाव आणि नोंदणीची स्थिती दिसते. नाव दुकानाच्या पाटीशी जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा.

'आरटीओ अप्रूव्हड'चा कागदही मी मागितला होता, तो कधीच आला नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे सापडलात तर मालक म्हणून तुम्ही अडकलेले. तोंडी 'अप्रूव्हड' कुणाचं ऐकू नका, तुमच्या मॉडेलच्या नावानिशी कागद मागा.

तक्रारीसाठी मला घाट चढून जावं लागलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी सिंधुदुर्गनगरी. व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी भाड्यावर चालते म्हणून आपण ग्राहक नाही, असं मला एकानं सांगितलं होतं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग रजिस्टर पोस्टानं नोटीस, मग तक्रार. कापलेला रॉड, टोपी आणि पॅकिंग मेस्त्रींच्या लेखी अहवालासोबत जपून ठेवले आहेत. पैसे अजून मिळालेले नाहीत, पण सोडणार नाही.

गाडीला आता कंपनीच्या नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि नवा लॅटरल रॉड बसवून घेतलाय. जास्त माणसं असली तर सामान दुसऱ्या गाडीतून पाठवतो.

ज्यांना तरीही बदल करायचाच आहे, त्यांनी पार्ट बसवण्याआधी हातात घ्यावेत. शॉकअप उभा धरून दाबायचा आणि ओढायचा, नॉब सगळ्यात नरम असताना आणि सगळ्यात कडक असताना. हाताला फरक लागलाच पाहिजे. रॉडचा चेकनट सोडून लांबी बदलून दाखवायला सांगा. आपल्या जुन्या पार्टवर आदल्या दिवशी कुठेतरी आतल्या बाजूला पंचनं खूण करून ठेवा आणि काढलेले पार्ट गाडीत घातल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. आत उभं राहू देत नसतील तर गाडी आत घालूच नका. आणि ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह एका सळीनं एक्सलला जोडलेला असतो, त्यांनी उंची वाढवण्याच्या भानगडीत पडण्याआधी तो सेट कोण करणार हे विचारा. मागची बाजू उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी जातो.

आणि ज्यांच्या गाडीखाली असलं रंगीत किट आधीच बसलंय, त्यांनी आज तारेचा ब्रश घेऊन लॅटरल रॉडच्या मधल्या भागावरचा रंग खरवडून बघावा. टाका किंवा गंजाची रेघ दिसली तर तो रॉड बदलेपर्यंत गाडीत माणसं घालू नका, घाटात तर अजिबात नको.