बर्फाच्या गणिताची कार्यशाळा, गंगापूर रोड, नाशिक: मुलांसोबत पालकांनीही बसावं

मी पिंपळगावकडे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये १६ वर्षं मशीन सांभाळतोय. गेल्या रविवारी नववीतल्या मुलीला गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये गणिताच्या कार्यशाळेला सोडायला गेलो. विषय होता ध्रुवावरचा बर्फ. पालक बसले तरी चालेल म्हणाले, म्हणून मागच्या बाकावर टेकलो, आणि अडीच तास उठलोच नाही.

सरांनी सुरुवातच प्रश्नाने केली. समुद्रावर एका दिवसात १० सेंटिमीटर बर्फ धरला, थंडी तेवढीच राहिली, तर २० सेंटिमीटर व्हायला एकूण किती दिवस? सगळी पोरं ओरडली, दोन! मला मात्र आमची कॉइल, म्हणजे खोली थंड करणारी नळी, आठवली. कॉइलवर बर्फ धरला की खोली थंड होत नाही, कारण तो बर्फच उष्णता अडवतो. डिफ्रॉस्ट करतो ते त्यासाठीच. समुद्रातही तसंच. थर जाड झाला की खालच्या पाण्यातली उष्णता वर निघायला वेळ लागतो. उत्तर चार दिवस! जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. योझेफ श्टेफान या शास्त्रज्ञाने १८९१ साली ध्रुवीय मोहिमांच्या नोंदींशी ताडून हे मांडलं होतं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट फळ्यावर एका ओळीत पाहून अंगावर काटा आला. मुलीने १, ४, ९, १६ दिवसांचे बिंदू घेऊन आलेख काढला, तो हळूहळू आडवा होत गेला. पातळ बर्फ हिवाळ्यात पटकन धरतो, पण जुना जाड थर गेला की एका मोसमात भरून येत नाही, हे तिला त्या रेषेवरून कळलं.

मग उन्हाचा हिशेब. ताज्या हिमाने झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. म्हणजे बर्फ गेला की पाणी तापतं, आणि पाणी तापलं की आणखी बर्फ जातो. हे चक्र समीकरणात घातल्याशिवाय पुढचा अंदाज बांधताच येत नाही.

तक्रारी दोन. २००२ साली सोडलेल्या उपग्रहांच्या जोडीचा भाग शेवटी घाईत उरकला. बर्फाच्या गुरुत्वाकर्षणामुळे दोघांमधल्या अंतरात होणारा सूक्ष्म बदल मोजून ग्रीनलँडचा किती बर्फ घटला ते २०१७ पर्यंत काढत. त्यावर अर्धा तास तरी हवा होता. आणि सरांनी इतकं छान मराठीत शिकवलं, मग हातात दिलेले कागद इंग्रजीत का? मराठी माध्यमाची पोरं तिथेच अडतात.

फी २५० रुपये, आलेखाचे कागद त्यातच. आठवीच्या खालच्या मुलांना वर्गमूळ जड जाईल. आमची मुलगी येत्या रविवारी माझ्यासोबत कोल्ड स्टोरेजला येणार आहे, पट्टी आणि वही घेऊन. दर तासाला कॉइलवरचा बर्फ मोजायचा म्हणते.