जळगावचं विमान: पुण्याला फायद्याचं, मुंबईला रात्रीची गाडीच बरी

जळगावहून हवाई अंतर पुण्याला साधारण ३२० किलोमीटर, मुंबईला ३५५, हैदराबादला ५०५ आणि गोव्यातल्या मोपाला ६०० च्या थोडं वर. धावपट्टी १७०० मीटरच्या घरात असल्याने इथे मोठी जेट विमानं चालत नाहीत, एटीआर-७२ हे पंख्याचं विमान येतं. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. त्या हिशेबाने पुणं चाळीस मिनिटांत यायला हवं, पण तासभर धरावा लागतो. जमिनीवर सरकणं, चढणं-उतरणं आणि लोहगावला हवाई दलाच्या धावपट्टीवर नंबर लागणं यात बाकीची मिनिटं जातात.

खरा हिशेब दारापासून दारापर्यंत करायचा. शहरातून विमानतळ अर्धा तास. सामान घेणारी खिडकी उड्डाणाआधी तासभर बंद होते, म्हणून सव्वा तास आधी पोहोचा. मग उड्डाण, पट्ट्यावर बॅग येईपर्यंत वीस मिनिटं, आणि लोहगाव ते हिंजवडी गर्दीच्या वेळी दीड तास. सगळं मिळून साडेचार तास. अजिंठ्याच्या घाटाने, संभाजीनगरमार्गे गाडीने आठ तास सहज लागतात, त्यामुळे पुण्याला विमान घ्याच.

मुंबईचं गणित वेगळं. विदर्भ एक्स्प्रेस रात्री जळगावला घेते आणि सकाळी दादरला सोडते. झोपेत गेलेला वेळ कोण मोजतो! मुंबईच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर विमानाची आघाडी आणखी घटते. काम अंधेरी-वांद्र्याकडे असेल आणि गाडीचं तिकीट वेटिंगला असेल, तरच विमान बघा. हैदराबाद-गोव्याला मात्र तुलनाच नको, विमानच.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, आणि आखूड धावपट्टीवर वजन कमी करावं लागू शकतं. उन्हाळ्यात शक्यतो सकाळचं उड्डाण घ्या. बसायला मागच्या रांगा निवडा. पंखे पुढच्या भागात असल्याने तिथे आवाज जास्त, आणि चढ-उतारही मागच्याच दाराने होते. वरचे कप्पे लहान, कडक कवचाची, चाकांची बॅग मावत नाही. काळा मसाला, तिखट, लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत अडतं; मोठ्या बॅगेत टाका. सुकं खोबरं दोन्हीकडे नको.

उड्डाणं ठरावीक वारीच असतात. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून दिवाळीचं परतीचं तिकीट नवं वेळापत्रक बघूनच काढा. २०१७ च्या डिसेंबरपासून इथली सेवा चालू-बंद होत आली आहे. लग्नकार्याला जायचं तर रेल्वेचं तिकीटही हाताशी असू द्या.

भुसावळ, यावल, रावेरवाल्यांना हे विमानतळ सोयीचं. धुळेकरांचे जळगाव गाठण्यातच दोन तास जातात, त्यांना मुंबईसाठी थेट महामार्ग बरा. नंदुरबारहून सुरत गाठावं.