दोन युनिट आणि एक क्लाउड: डेटाबेस सिंक्रोनस घ्यायचा की असिंक्रोनस?

समजा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आहे, खानापूरला दुसरं युनिट आणि डेटाबेसची तिसरी कॉपी मुंबईच्या क्लाउडवर. असा सेटअप करणार असाल तर डेटाबेसच्या ब्रँडवरून वाद घालण्याआधी मधली लाइन कशी वागते ते बघा, सगळा फरक तिथंच पडतोय.

सिंक्रोनस म्हणजे दुसऱ्या कॉपीवरही लिहून झाल्यावरच ओके देणारे, जसे राफ्टवर (नोडच्या बहुमतानं निर्णय घ्यायची पद्धत) चालणारे डेटाबेस. तीनपैकी दोन नोडवर (कॉपी ठेवणाऱ्या मशीनवर) लिहून झाल्याशिवाय कमिट नाही, म्हणजे नोंद पक्की नाही. लीडर, म्हणजे नोंदी आधी घेणारा मुख्य नोड, उद्यमबागेत ठेवला तर त्याचं स्वतःचं मत धरून अजून एकच उत्तर लागतंय, आणि खानापूर पंचवीसेक किलोमीटरवर म्हणून ते आधी येतंय. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ५०० किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला ५ मिलिसेकंद नुसते अंतराचेच, राउटरचा वेळ वेगळा. पावसात खानापूरची लाइन गेली तर काम थांबत नाही, फक्त प्रत्येक राइट (नवी नोंद) मुंबईची वाट बघतंय. पण उद्यमबागच एकटं पडलं तर तिथलं राइट बंद.

असिंक्रोनसमध्ये लोकल डिस्कवर लिहिलं की लगेच ओके, बाकीच्यांना नंतर. फास्ट आहे, पण डिस्क बिघडली तर बाकीच्यांपर्यंत न पोचलेला डेटा तिच्यासोबत जाऊ शकतो, आणि दोन्हीकडून राइट चालू ठेवलं तर एकच माल दोन पार्ट्यांना विकला जाऊ शकतो.

विकणारे सरासरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) दाखवतात, तिच्यावर अजिबात जाऊ नका. ज्याला डेडलाइन आहे त्याला सर्वात हळू झालेली एक टक्का राइट बघावी लागतात. लिनक्सवर टीसीपीचा (नेटवर्कवर डेटा पोचवायच्या नियमांचा) किमान रिट्रान्समिट टाइमआउट, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत पाठवण्याआधी थांबायचा वेळ, साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे एक पॅकेट हरवून त्या टाइमआउटपर्यंत थांबावं लागलं की ५० मिलिसेकंदांची डेडलाइन गेलीच. जिटर (पॅकेट पोचायच्या वेळेतला चढउतार) वाढला तर अजून त्रास, हार्टबीट (लीडर जिवंत असल्याचे ठराविक वेळाने येणारे मेसेज) उशिरा पोचतात, लीडर मेला असं समजून नवी निवडणूक लागते आणि तोवर राइट अडकून. ईटीसीडी या राफ्टवरच्या डेटाबेसमध्ये हार्टबीट १०० आणि इलेक्शन टाइमआउट (निवडणूक लागण्याआधी थांबायचा वेळ) १००० मिलिसेकंद डिफॉल्ट आहे, लाइन खराब असेल तर टाइमआउट वाढवाच.

माझं मत स्पष्ट आहे: भट्टीच्या टेंपरेचरचा अलार्म नेटवर्कच्या भरवशावर सोडूच नका, तो लोकल आणि असिंक्रोनस. स्टॉक, डिस्पॅच, पैसे सिंक्रोनस, थोडं हळू चाललं तरी चालतंय की. आणि पैसे भरायच्या आधी टेस्ट सर्व्हरवर नेटएमनं (लिनक्सवर नेटवर्क मुद्दाम बिघडवून बघायचं टूल) मुद्दाम डिले आणि पॅकेट लॉस घालून किती राइट डेडलाइन चुकवतात ते मोजा, विकणाऱ्याला समोर बसवूनच.